रात्री तीन वाजता साखर कोण मोजणार? नाशिकच्या अतिदक्षता विभागांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील अतिदक्षता विभाग चालवणाऱ्या रुग्णालयांचे संचालक, विभागप्रमुख आणि मेट्रन

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायची वेळ एका उत्तरामुळे आली. माझे थोरले भाऊ सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या संसर्गाने, आजारी असताना त्यांच्या उपचारांत एक गोष्ट घडली: इन्शुलिन चालू असताना त्यांची साखर धोकादायक इतकी खाली गेली. तिच्याबद्दल मी संबंधित रुग्णालयाला लेखी विचारणा केली. उत्तर दोन ओळींचं आलं. सर्व उपचार रुग्णालयाच्या ठरलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे झाले असून त्यात बदल करण्याची आवश्यकता वाटत नाही, असं त्यात लिहिलं होतं. प्रोटोकॉलप्रमाणे झालं हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार त्या प्रोटोकॉलबद्दलच आहे.

त्या रुग्णालयाचं नाव मी इथे घेत नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या मुली आज शहरात वेगवेगळ्या ठिकाणी सिस्टर आहेत. मी त्यांना विचारलं, तेव्हा साखरेच्या त्या प्रोटोकॉलचा तसाच लॅमिनेट केलेला कागद आणखीही काही विभागांच्या भिंतीवर असल्याचं कळलं. म्हणून पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे, आणि ते सगळ्यांसमोर वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे.

मी स्वतः परिचारिका. नोकरीचा मोठा भाग अतिदक्षता विभागात गेला, आता निवृत्त आहे. त्यामुळे काचेच्या दाराच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

दादा निफाड तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत पायाला जखम झाली. गावात ड्रेसिंग चालू होतं, पण आतून ती पिकत गेली. ताप आला, लघवी कमी झाली, मग असंबद्ध बोलू लागले. नाशिकला आणलं तेव्हा ब्लड प्रेशर जेमतेम लागत होतं. तिथल्या डॉक्टरांनी वेळ दवडला नाही. अँटिबायोटिक, सलाईन, प्रेशर वाढवायला नॉरॲड्रेनलिन, त्याच रात्री पाय उघडून साफ केला, व्हेंटिलेटरवर घेतलं. त्यांचा जीव त्या लोकांनी वाचवला आणि आमचं घर त्यांचं ऋणी आहे. पुढचं सगळं हे धरूनच वाचावं.

दाखल करताना साखर २६० च्या वर होती. दादांना मधुमेह कधीच नव्हता. वहिनी घाबरून मला विचारत होत्या, "ताई, ह्यांना शुगर कधी निघाली?" हा प्रश्न प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या बाहेर रोज विचारला जातो आणि बहुधा त्याला नीट उत्तर मिळत नाही. खरं तर ते कठीण नाही. मोठा संसर्ग अंगभर पसरला की शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन, ग्लुकॅगॉन ही संप्रेरकं भरमसाट सोडतं. यकृत साखर तयार करत राहतं, आणि जळजळीच्या रसायनांमुळे इन्शुलिन असूनही स्नायू ती साखर आत घेत नाहीत. वरून नॉरॲड्रेनलिन, कधी स्टेरॉइड, कधी डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेचं, सलाईन. त्यामुळे ज्याला मधुमेह नाही त्याचीही साखर चढते. ही साखर उतरवावी लागते, यात वाद नाही. ती किती उतरवायची आणि उतरताना तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, हा माझा प्रश्न आहे.

भिंतीवरच्या कागदावर लिहिलं होतं: साखर ८० ते ११० मध्ये ठेवावी.

हा आकडा कुठून आला, हे तुमच्यातल्या प्रत्येक तज्ज्ञाला ठाऊक आहे, पण वाचकांना ठाऊक नाही. २००१ साली बेल्जियममधल्या ल्युवेन इथे ग्रीट व्हॅन डेन बर्ग यांच्या पथकाने १,५४८ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर ८० ते ११० मिलिग्रॅममध्ये ठेवलेल्या रुग्णांमध्ये अतिदक्षता विभागातले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर धावपळ झाली. आमच्याकडेही तेव्हा नवीन तक्ते आले, मीही ते पाळले. पण ते रुग्ण शस्त्रक्रियेनंतरचे होते, त्यातले बहुतेक हृदयशस्त्रक्रियेचे. त्यांची साखर धमनीतल्या रक्तावर, चांगल्या यंत्रावर मोजली जात होती. सेप्सिसने कोसळलेला शेतकरी आणि बोटाला टोचून वाचलेला ग्लुकोमीटर, अशी परिस्थिती त्या अभ्यासात नव्हती.

पुढे तोच आकडा सेप्सिसच्या रुग्णांवर तपासला गेला. जर्मनीतल्या १८ रुग्णालयांनी मिळून केलेला व्हिसेप हा अभ्यास २००८ मध्ये आला. गंभीर सेप्सिसच्या रुग्णांमध्ये साखर घट्ट आवळून ठेवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. उलट साखर ४० किंवा त्याखाली, म्हणजे धोकादायक पातळीवर, जाण्याचं प्रमाण ४.१ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं, आणि अभ्यासातला इन्शुलिनचा भाग सुरक्षिततेच्या कारणाने मध्येच थांबवावा लागला. २००९ मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांचा नाइस-शुगर अभ्यास आला. त्यात ८१ ते १०८ मध्ये साखर ठेवलेल्यांपैकी २७.५ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले, तर १८० पर्यंत मोकळीक दिलेल्यांपैकी २४.९ टक्के. म्हणजे आवळून ठेवलेल्या गटात जास्त माणसं गेली. २०२३ मध्ये खुद्द ल्युवेनच्याच गटाने नऊ हजारांहून अधिक रुग्णांवर पुन्हा पाहिलं, अचूक यंत्र आणि संगणकाचा सल्ला हाताशी ठेवून. तरीही फायदा दिसला नाही. सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१२ मध्ये सांगितलं की लागोपाठ दोन वेळा साखर १८० च्या वर गेली की इन्शुलिन सुरू करा. २०२१ च्या सूचनांत १४४ ते १८० हे लक्ष्य दिलं आहे.

इतकं सगळं होऊन गेल्यावर नाशिकमधल्या एका अतिदक्षता विभागात आजही २००१ चा आकडा भिंतीवर आहे आणि विचारल्यावर "बदलाची आवश्यकता वाटत नाही" असं लिहून येतं. मला हे गप्प बसून सोसवत नाही.

आता त्या रात्रीबद्दल. रात्री दहाच्या सुमारास पोटाच्या सीटी स्कॅनसाठी दादांचं फीड, म्हणजे रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) दिलं जाणारं पातळ अन्न, बंद केलं. परत आल्यावर उलटी होईल या भीतीने ते लगेच सुरू झालं नाही. इन्शुलिनचा सिरिंज पंप मात्र आधीच्याच दराने चालू राहिला. फीड बंद केल्याची नोंद एका कागदावर आणि इन्शुलिनची नोंद दुसऱ्या. मध्यरात्री ग्लुकोमीटरवर साखर ९६ आली. तक्त्याप्रमाणे ती उत्तम! पंपाला कोणी हात लावला नाही. पहाटे नेहमीच्या तपासण्यांसाठी धमनीच्या लाइनमधून, म्हणजे धमनीत बसवलेल्या बारीक नळीतून, रक्त गेलं. लॅबचा फोन आला: ४१. ड्यूटीवरच्या सिस्टरने धावत २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, पंप बंद केला, डॉक्टरांना उठवलं. तिने जे केलं ते अगदी बरोबर केलं. त्या रात्री तिच्याकडे पाच रुग्ण होते, त्यातले तिघे व्हेंटिलेटरवर.

ग्लुकोमीटर बिघडलेला नव्हता. दादांची बोटं सुजलेली आणि गार होती. प्रेशर पडलेलं असतं आणि नॉरॲड्रेनलिन चालू असतं, तेव्हा बोटाच्या टोकापर्यंत रक्त नीट पोचतच नाही. तिथला थेंब शरीरातली खरी साखर सांगेल याची खात्री नसते. रक्त पातळ असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर बरेच ग्लुकोमीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. ज्या हातात डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू आहे त्याच हाताचं रक्त घेतलं तरी आकडा खोटा येतो. धमनीत लाइन असलेल्या रुग्णाचं रक्त तिथूनच घ्यावं, असं मार्गदर्शक सूचनांतही आहे. दादांना ती लाइन होती. चार पावलांवर रक्तवायू तपासणीचं यंत्र होतं आणि ते दोन मिनिटांत साखरही सांगतं. तरी बोट टोचलं गेलं, कारण तक्त्यात तसंच लिहिलं होतं.

साखर उतरली की जागा माणूस घामाघूम होतो, हात थरथरतात, भूक लागते, "मला कसंतरी होतंय" म्हणतो. गुंगीत, नळी घातलेला माणूस यातलं काहीच करू शकत नाही. त्याची कमी साखर फक्त मोजूनच कळते, दुसरा मार्ग नाही. मूत्रपिंड बसलेलं असेल तर इन्शुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, यकृत थकलेलं असेल तर साखर भरून निघत नाही, आणि सेप्सिसमध्ये ही दोन्ही संकटं एकाच वेळी असू शकतात.

दादा घरी आले. चालतात, बागेत जातात. पण ज्या माणसाने आयुष्यभर औषध-फवारणीचा आणि मजुरीचा हिशेब तोंडी ठेवला, त्यांना आता वहीतली बेरीज दोनदा करावी लागते आणि तरी चुकते. हे त्या पहाटेमुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. सेप्सिस स्वतः मेंदूवर परिणाम करतो आणि व्हेंटिलेटरचे दिवसही करतात. पण ती रात्र यात धरायची की नाही, हे मला कधीच कळणार नाही. रुग्णालयाने तेव्हा आम्हाला सांगितलंही नव्हतं. ४१ हा आकडा मला डिस्चार्जनंतर कागद मागवल्यावर दिसला.

साखरेइतकीच दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रक्तातली चरबी. इथे जरा थांबते, कारण साखर आणि चरबी एकाच गडबडीची दोन टोकं आहेत आणि आपल्या विभागांत दुसऱ्या टोकाकडे जवळजवळ कोणी बघत नाही. इन्शुलिनचं एक काम साठवलेली चरबी जागेवर ठेवणं हे आहे. सेप्सिसमध्ये इन्शुलिनचं शरीर ऐकत नाही, म्हणून चरबी सुटून रक्तात येते. यकृत तिच्यापासून ट्रायग्लिसराइडचे कण बनवून पुन्हा रक्तात सोडतं, आणि ते कण साफ करणारं एन्झाइम मंदावलेलं असतं. त्यामुळे ट्रायग्लिसराइड चढतं. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, मात्र उतरतं. दादांचा रिपोर्ट बघून माझा भाचा आनंदाने म्हणाला, "मामांचं कोलेस्टेरॉल तर एकदम छान आहे!" त्याला कोण काय सांगणार? सेप्सिसमध्ये घसरलेलं कोलेस्टेरॉल ही चांगली बातमी नसते. एचडीएल जंतूंचं विष बांधून ठेवायला मदत करतं, आणि ते फार खाली गेलेले रुग्ण जास्त वाईट वळणावर जातात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

यात आपण बाहेरून भर घालतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गुंगीसाठी दिलं जाणारं पांढरं प्रोपोफॉल १० टक्के चरबीच्या द्रावणात असतं. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १.१ कॅलरी असते. ताशी १५ मिलिलिटर चाललं तर दिवसाला जवळजवळ ४०० कॅलरी नुसत्या चरबीतून जातात, आणि आहाराच्या हिशेबात त्या धरलेल्या मला फार क्वचित दिसल्या. शिरेतून चरबीचं पोषण चालू असेल तर आणखी भर. ट्रायग्लिसराइड फार चढलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. रक्त सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचा पिवळा भाग दुधासारखा दिसू लागतो, आणि अशा नमुन्यात सोडियमसारख्या तपासण्याही चुकीच्या येऊ शकतात. लॅबवाले "नमुना लायपेमिक" (चरबीने गढूळ) असा शेरा मारून पाठवतात आणि तो शेरा फाइलमध्ये तसाच पडून राहतो. एक साधी ट्रायग्लिसराइडची तपासणी, तीही रोज नाही. एवढं का होत नाही?

आणखी एक तक्रार पट्ट्यांची आहे. ग्लुकोमीटरची प्रत्येक पट्टी रुग्णाच्या बिलात लावली जाते, आणि बिल वाढलं की नातेवाईक ओरडतात. मग "उगाच शुगर बघू नका" असं वरून तोंडी येतं. हे कुठेच लिहिलेलं नसतं, पण प्रत्येक सिस्टरला माहीत असतं. सहा तासांनी साखर बघायची आणि लक्ष्य मात्र ८० ते ११० ठेवायचं, हे एकत्र जमणारच नाही. डोळे बांधून घाट उतरण्यासारखं आहे ते.

आणि रात्रीचं मनुष्यबळ. तासाला एक साखर म्हणजे नुसतं बोट टोचणं नव्हे. रक्त घ्यायचं, आकडा बघायचा, तक्ता बघायचा, पंपाचा दर बदलायचा, दुसऱ्या सिस्टरकडून तो तपासून घ्यायचा, नोंद करायची, पोटॅशियम कधीचं आहे ते बघायचं, कारण इन्शुलिन पोटॅशियमही खाली आणतं. पाच रुग्ण असलेली मुलगी हे कसं करेल? ती करत नाही म्हणून तिला नोटीस देणं सोपं आहे. मी तिच्या जागी उभी राहिलेली आहे, म्हणून ही तक्रार मी तिच्याविरुद्ध करत नाही, तुमच्याकडे करते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सेप्सिसच्या रुग्णांसाठी ८० ते ११० चा तक्ता आजच भिंतीवरून काढा. लागोपाठ दोन वेळा १८० च्या वर गेल्यावर इन्शुलिन आणि १४४ ते १८० हे लक्ष्य, असा नवा तक्ता लावा. त्यावर तारीख आणि तपासणाऱ्या डॉक्टरची सही असू द्या, म्हणजे तो किती जुना आहे हे कोणालाही दिसेल.

इन्शुलिनचा पंप चालू असेपर्यंत साखर तासा-दोन तासांनी मोजा, आकडे आणि दर स्थिर झाल्यावर चार तासांनी. धमनीची लाइन असेल तर रक्त तिथूनच घ्या. ती नसेल आणि प्रेशर पडलेलं असेल, तर बोटाच्या आकड्यावर एकट्याने भरवसा ठेवू नका, लॅबमधून पडताळा. पट्ट्यांचा खर्च बेडच्या दरात धरा, वेगळा लावू नका.

फीड किंवा डेक्स्ट्रोज बंद झालं की त्याच क्षणी इन्शुलिनचा पंप बघायचाच, हा नियम करा. सीटीला, डायलिसिसला, थिएटरला नेण्याच्या तपासणी-यादीत ही ओळ हवी. याला एक पैसा लागत नाही. इन्शुलिनची मिलिलिटरला ४० युनिटची आणि १०० युनिटची बाटली एकाच कपाटात ठेवली जात असेल तर तेही थांबवा. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आणि केशरी १०० साठी, हे नव्या मुलींना पहिल्या दिवशी कोणीतरी हातात देऊन दाखवायला हवं.

प्रोपोफॉल दोन दिवसांपेक्षा जास्त चाललं किंवा शिरेतून चरबी दिली जात असली, तर ट्रायग्लिसराइड तपासा आणि त्या कॅलरी आहारतज्ज्ञाच्या हिशेबात धरा.

रात्रपाळीला व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी वेगळ्या सिस्टर द्या. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहर तयारी करतं आहे. खाटा वाढवाल तेव्हा त्या खाटेशेजारी उभी राहणारी माणसं आधी मोजा. आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात आहे. अतिदक्षता परिचारिकांसाठी साखरेच्या व्यवस्थापनाचा छोटा, प्रात्यक्षिकाचा वर्ग त्यांनी आणि तुम्ही मिळून चालवावा, अशी माझी त्यांनाही विनंती आहे. मला बोलावलंत तर मी विनामूल्य शिकवायला येईन.

साखर ७० च्या खाली गेलेली प्रत्येक घटना एका वहीत लिहा, ४० च्या खालची लाल शाईने, आणि दर तीन महिन्यांनी विभागात वाचा. शिक्षेसाठी नको, तक्ता सुधारण्यासाठी. आणि त्याच दिवशी नातेवाइकांना सांगा. आम्ही रडू, कदाचित चिडू, पण ते आम्हाला फाइल उघडून कळता कामा नये. कागद मागितल्यावर ७२ तासांत देणं हे २००२ पासून वैद्यकीय परिषदेच्या नियमांत आहे. त्यासाठी तीन-तीन फेऱ्या मारायला लावू नका.

शेवटची मागणी डिस्चार्जच्या कागदाबद्दल. रुग्णालयात साखर चढली होती, तर त्यावर स्पष्ट लिहा की हा आधीपासूनचा मधुमेह आहे की आजारातली तात्पुरती वाढ. दाखल करतानाच एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) केलं तर बहुतेक वेळा हे कळतं, फक्त रक्त चढवण्याआधी ते घ्यावं. तीन महिन्यांनी पुन्हा साखर तपासायला सांगा. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) पाहणीत दिसलं. त्यातल्या कित्येकांना तो पहिल्यांदा अशाच एखाद्या आजारपणात कळत असणार. आणि ज्यांना तो नाही, ते मात्र उगाच आयुष्यभर गोळ्या घेत बसतात. वहिनींना अजून नीट माहीत नाही की दादांच्या जेवणात साखर चालते की नाही.

ज्या विभागांनी हे बदल आधीच केले आहेत, त्यांचे मनापासून आभार. तुमचा तक्ता शेजारच्या रुग्णालयाला द्या, तुमच्या मेट्रनना तिकडे दोन तास पाठवा. ज्यांनी अजून केलेले नाहीत, त्यांनी मला लेखी उत्तर द्यावं: तक्ता कधी बदलणार, रात्री किती सिस्टर असणार, आणि साखर कोणत्या रक्तावर मोजणार. नकार असेल तर कारणासह द्यावा. कारण वैद्यकीय असेल तर मी ते समजून घ्यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त अतिदक्षता परिचारिका
नाशिक